इंजिन बोटीचं, हप्ता आपला



दर अंकात मी बचत, कर्ज, नोंदवह्या यांवर लिहिते. या वेळी बोटीच्या डिझेल इंजिनावर लिहिणार आहे. हसू नका! समाजकार्य शिकलेल्या मुलीला इंजिनातलं काय कळतं, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं. पण गेल्या दिवाळीत जे झालं, त्यानंतर हा विषय आपल्या बैठकीत यायलाच हवा असं माझं ठाम मत झालं.

मालवण तालुक्यात कर्ली खाडीच्या काठावर आपल्या एका गटाची बोट आहे. आठ जणींनी कर्ज काढून घेतलेली. पर्यटकांना खाडीत फिरवायचं आणि ज्यांना हौस आहे त्यांना खाडीच्या तोंडाशी गरवायला न्यायचं, असा धंदा. बोट गटातल्या एका काकींचा मुलगा चालवतो. दिवाळीच्या सुट्टीत गर्दी चांगली होती. एका दुपारी परत येताना इंजिन गरम व्हायला लागलं. मागच्या पाइपातून पडणारं पाणी थांबलं होतं. मुलाला वाटलं, धक्का वीस मिनिटांवर तर आहे, पोचू. पोचला, पण वाफेसकट.

मिस्त्रीने इंजिन उघडलं. समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी चक्र, म्हणजे इम्पेलर, तुकडे तुकडे झाला होता. त्यामुळे पाणी फिरलं नाही, हेडचं गॅस्केट जळलं आणि हेडही वाकलं. सामान येऊन काम होईपर्यंत तीन आठवडे गेले. सीझनचेच तीन आठवडे. बँकेचा हप्ता काही थांबला नाही. दोन हप्ते बायकांनी मासळी विकून आणि घरखर्चातून काढून भरले.

नंतरच्या बैठकीत मी विचारलं, "तो रबरी भाग शेवटचा कधी बदलला होता?" कोणालाच सांगता आलं नाही. मग मीच गप्प झाले. कारण त्या कर्जाचा अर्ज मी भरून घेतला होता. रोकडवही, इतिवृत्त दर महिन्याला तपासत होते. इंजिन किती तास चाललं, तेल कधी बदललं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. शेवटी एक काकी म्हणाल्या, "बाय, घोवाच्या होडयेचो आवाज बदललो तर माका घराकडसून समजायचो. पण आमच्या बोटीचा पाणी येता काय नाय, ता आम्ही कधी बघूक नाय."

तायांनो, मुद्दा एवढाच आहे. आपल्याला मिस्त्री व्हायचं नाही. पण ज्या वस्तूवर आपली सही आहे, ती वस्तू बघता यायला हवी. मिस्त्रींकडून समजून घेऊन आणि इंजिनाची माहितीपुस्तिका वाचून मी जे टिपून ठेवलं, ते खाली देते. हे सगळं बोटीच्या आत बसवलेल्या डिझेल इंजिनाबद्दल आहे. मागे अडकवायचं पेट्रोलचं इंजिन वेगळं.

डिझेल इंजिन चालतं कसं?

सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, हे तुम्ही अनुभवलं असेल. हवा दाबली की ती तापते. डिझेल इंजिनात हवा इतकी जोरात दाबली जाते की ती प्रचंड तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेट घेतं. पेट्रोलच्या इंजिनासारखा ठिणगीचा प्लग इथे लागत नाही. जर्मनीच्या रुडॉल्फ डिझेल यांनी १८९० च्या दशकात हे इंजिन तयार केलं, म्हणून त्याला आणि इंधनालाही त्यांचं नाव मिळालं.

यावरून इंजिनाच्या चार गरजा लक्षात ठेवा: स्वच्छ हवा, स्वच्छ डिझेल, पुरेसं तेल आणि फिरतं पाणी. इंजिनाचे बहुतेक आजार या चारांपैकी कशाच्या तरी कमतरतेतून येतात.

बोटीच्या इंजिनाला गाडीपेक्षा एक त्रास जास्त असतो. गाडीचा रेडिएटर वाऱ्याने थंड होतो. बोटीत ते काम समुद्राचं पाणी करतं. बऱ्याच इंजिनांत आतमध्ये गोडं पाणी म्हणजे कूलंट फिरतं, आणि त्या कूलंटला थंड करायला बाहेरून खारं पाणी ओढून घेतात. थंड करून झालं की ते खारं पाणी धुराबरोबर मागच्या पाइपातून बाहेर पडतं. त्या पाइपाकडे बघणं, ही बोटीवरची सगळ्यात स्वस्त तपासणी आहे.

फेरीआधीची दहा मिनिटं

इंजिन थंड असताना, सुरू करण्याआधी हे बघायचं.

१. तेल. तेलाची पट्टी बाहेर काढा, फडक्याने पुसा, परत घाला आणि पुन्हा काढून बघा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. कमी नको, तसं जास्तही नको. डिझेल इंजिनाचं तेल थोड्याच दिवसांत काळं होतं, त्याला घाबरू नका. पण ते दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. मग इंजिन सुरूच करायचं नाही. मिस्त्रीला बोलवा.

२. कूलंट. पाणी पातळीला आहे ना बघा. झाकण इंजिन थंड असतानाच उघडायचं. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर उडतं.

३. समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह आणि जाळी. व्हॉल्व्ह उघडा आहे का? जाळीत शेवाळ, पाला, प्लॅस्टिकची पिशवी अडकली आहे का? जाळी साफ करताना आधी व्हॉल्व्ह बंद करा, नाहीतर बोटीत पाणी येईल. काम झालं की आठवणीने उघडा.

४. पट्टा. बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबून बघा. साधारण एक सेंटिमीटर दबला तर ठीक. चिरा पडल्या असतील किंवा खाली काळी भुकटी पडली असेल तर बदलायची वेळ झाली.

५. डिझेल. फिल्टरच्या खाली पाणी जमायची वाटी असते. तिचा नळ सोडून थोडं डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या. पाणी जड असतं, ते तळाला बसतं. दिसलं तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढा.

६. बोटीच्या तळातलं पाणी. ते नुसतं बघू नका, वासही घ्या. वर तेलकट थर आहे का, डिझेलचा वास येतो का? म्हणजे कुठेतरी गळतंय.

७. बॅटरी. तारा घट्ट आहेत का? टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी आली असेल तर साफ करायला सांगा.

मग इंजिन सुरू करा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. इंजिन धरलं नाही तर थोडं थांबा, कारण शोधा. सुरू झाल्यावर तेलाच्या दाबाचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे आणि मागच्या पाइपातून पाणी पडायला लागलं पाहिजे. पाणी आलं नाही तर लगेच बंद.

फेरीवरून आल्यावरही एक सवय लावा. जोरात चाललेलं इंजिन धक्क्याला लागल्या लागल्या बंद करू नका. चार-पाच मिनिटं हळू चालू द्या, मग बंद करा. ते सगळीकडून सारखं थंड होतं.

डिझेलमधलं पाणी आणि 'एअर'

टाकी अर्धी रिकामी राहिली की रात्रीच्या गारव्याने आतल्या हवेतली वाफ टाकीच्या भिंतीवर जमते आणि पाणी होऊन तळाला उतरते. या पाण्याने टाकी आणि पंप गंजतात. डिझेल आणि पाणी जिथे एकमेकांना लागतं तिथे बुळबुळीत शेवाळासारखी घाण वाढते आणि फिल्टर चोंदतो. म्हणून संध्याकाळी टाकी होईल तेवढी भरून ठेवा. डिझेल कॅनमधून ओतताना जाळीचं नरसाळं वापरा. कॅन फक्त डिझेलचाच ठेवा, पाण्याला किंवा रॉकेलला वापरलेला नको.

इंजिन चालता चालता धडपडून बंद पडलं, तर मिस्त्री म्हणतात "एअर पकडली". डिझेलच्या नळीत हवा शिरली की फवारा नीट पडत नाही. टाकी कोरडी होईपर्यंत चालवली किंवा फिल्टर बदलला की असं होतं. फिल्टरवरचा स्क्रू थोडा सैल करून हातपंप मारायचा. बुडबुडे थांबून नुसतं डिझेल यायला लागलं की स्क्रू घट्ट करायचा. बोट चालवणाऱ्याला हे यायलाच हवं. मिस्त्रीकडून एकदा करून दाखवून घ्या, आणि तेव्हा गटातल्या दोघीजणी तिथे उभ्या राहा.

धूर काय सांगतो?

काळा धूर: डिझेल जास्त आणि हवा कमी. एअर फिल्टर चोंदला असेल, बोटीत वजन जास्त असेल, नोझल खराब असेल किंवा खाली पंख्यात जाळं-दोरी अडकली असेल.

निळसर धूर: इंजिन तेल जाळतंय. रिंगा झिजल्या असतील किंवा तेल जास्त भरलं असेल. रोज तेल भरावं लागत असेल तर हे नक्की बघा.

पांढरा धूर: सकाळी सुरू करताना थोडा वेळ आला तर चालतं. इंजिन तापल्यावरही येत राहिला तर डिझेल नीट जळत नाही, किंवा आत पाणी जातंय. कूलंटही कमी होत असेल तर थांबा. मागच्या पाइपातून पाणी कमी आणि वाफ जास्त येत असेल तर तोही धोका समजा.

खारं पाणी, रबर आणि जस्त

आपल्या त्या गटाचं नुकसान ज्या इम्पेलरमुळे झालं, तो रबराचा असतो आणि पाण्यातच फिरतो. पाणी नसताना फिरला तर घासून अगदी थोड्या वेळात फाटतो. व्हॉल्व्ह बंद ठेवून इंजिन सुरू केलं किंवा जाळी चोंदली, की हेच होतं. न फाटताही रबर कडक होतं, पात्यांना चिरा पडतात. बऱ्याच ठिकाणी तो दर सीझनला बदलतात. एक नवा इम्पेलर आणि त्याचं गॅस्केट बोटीवर कायम ठेवा. आणि जुना फाटलेला निघाला तर त्याचे सगळे तुकडे जुळवून बघा. हरवलेला तुकडा पुढे नळीत अडकलेला असतो, तो नवीन इम्पेलरचंही पाणी अडवतो.

दुसरी वस्तू म्हणजे जस्ताचा तुकडा. मिस्त्री त्याला 'झिंक' म्हणतात. खाऱ्या पाण्यात दोन वेगवेगळे धातू एकत्र आले की एक झिजतो. इंजिनाचा धातू झिजू नये म्हणून मुद्दाम जस्त बसवतात. ते स्वतः झिजतं आणि बाकीच्यांना वाचवतं. (बैठकीत हे सांगितल्यावर एक वहिनी म्हणाल्या, "म्हणजे घरात आम्ही करतो तेच!" सगळ्या हसल्या.) तर हे जस्त अर्धं झिजलं की बदलायचं.

तिसरी, पंख्याचा शाफ्ट बोटीतून बाहेर जातो तिथली ग्लँड. दोरीचं पॅकिंग असलेली ग्लँड शाफ्ट फिरताना थेंब थेंब गळते, ते बरोबर आहे. धार लागली तर आवळावी लागते. एकदम कोरडी झाली तर शाफ्ट तापतो. म्हणून ती उगाच जास्त आवळू नये.

तासांची वही

गाडीची देखभाल किलोमीटरवर, इंजिनाची तासांवर. तेल आणि फिल्टर किती तासांनी बदलायचे ते तुमच्या इंजिनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. नवीन इंजिनाचं पहिलं तेल लवकर बदलतात. पुस्तिकेतला आकडाच शेवटचा. तुमचं इंजिन नवीन असेल तर पुस्तिका दुकानदाराकडून मागून घ्या आणि गटाच्या कपाटात ठेवा.

एक दोनशे पानी वही करा. रकाने असे: तारीख, इंजिन किती तास चाललं, आजपर्यंतचे एकूण तास, किती लिटर डिझेल भरलं, किती तेल घातलं, काय बदललं, शेरा, सही. तासांचं मीटर बंद असेल तर सुटल्याची आणि परतल्याची वेळ लिहा. वही कोणी लिहायची? आपण. रोकडवही लिहिणाऱ्या ताईला ही वही पाच मिनिटांचं काम आहे.

ही वही बोलते. तेवढ्याच फेऱ्यांना डिझेल जास्त लागायला लागलं, तर इंजिनात बिघाड आहे, किंवा डिझेल दुसरीकडे जातंय. कोणावर आरोप न करता दोन्ही गोष्टी बैठकीत विचारता येतात.

आणि तासांप्रमाणे पैसेही बाजूला काढा. समजा, गटाने ठरवलं की इंजिन चाललं त्या प्रत्येक तासाला ५० रुपये देखभालीचे. महिन्यात ८० तास चाललं तर ४,००० रुपये वेगळे पडले. रक्कम तुमच्या बोटीप्रमाणे ठरवा. पण नफा वाटायच्या आधी काढा, नंतर नाही. तेल, फिल्टर, इम्पेलर, जस्त यांचा खर्च ठरलेला आहे, तो अचानक येत नाही. अचानक येतो तो न बघितल्याचा खर्च.

बोट शाकारताना

मच्छीमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, आणि पावसात पर्यटकांच्या फेऱ्याही बंद. बोट वर ओढून शाकारतो, तेव्हा वरून झापा घालतो, पण इंजिनाकडे बघत नाही. उभं इंजिनसुद्धा खराब होतं. म्हणून:

- तेल बोट ठेवायच्या आधी बदला. वापरलेल्या तेलात आम्ल तयार झालेलं असतं. ते महिनोन्‌महिने आत राहिलं तर भाग खातं.
- खाऱ्या पाण्याची वाट गोड्या पाण्याने धुऊन घ्या आणि पाणी काढून टाका.
- इम्पेलर काढून ठेवा. एकाच जागी दबून त्याची पाती वाकडी राहतात. काढल्याची चिठ्ठी स्टार्टरच्या चावीला बांधा, म्हणजे विसरून सुरू होणार नाही.
- टाकी भरून ठेवा. बॅटरी काढून घरी आणा आणि अधूनमधून चार्ज करा.
- हवेची आणि धुराची तोंडं फडक्याने बंद करा. त्याचीही चिठ्ठी लावा.

नारळी पौर्णिमेच्या आधी घाई होते, मिस्त्री मिळत नाही. म्हणून मोठं काम असेल तर ते जूनमध्येच सांगून ठेवा.

हे करू नका

इंजिन चालू असताना पट्ट्याजवळ पदर, ओढणी, मोकळे केस नकोत. पदर खोचा, मगच वाका. डिझेलच्या उंच दाबाच्या नळीची गळती हात लावून तपासू नका, तो फवारा कातडीच्या आत शिरतो. डिझेलला आग लागली तर पाणी मारू नका. आग विझवायचं नळकांडं हाताशी आणि भरलेलं हवं. नोझल, पंप, हेड ही कामं मिस्त्रीचीच. पर्यटक बसवायचे तर मेरीटाईम बोर्डाची परवानगी आणि ठरवून दिलेली माणसं, त्याच्यावर एकही नाही. प्रत्येकाच्या अंगात लाईफ जॅकेट.

आणि वापरलेलं तेल खाडीत ओतू नका. तळातलं तेलकट पाणीही पंपाने खाडीत सोडू नका. त्याच खाडीत आपण तिसऱ्या, कालवं काढतो. जुनं तेल कॅनमध्ये साठवा आणि जुनं तेल घेणाऱ्या अधिकृत माणसाला द्या.

आता पुढे

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी सांगते. बोट चालवणाऱ्याला गटाने स्पष्ट सांगायला हवं की पाणी थांबलं, काटा वर गेला, तर इंजिन बंद करून नांगर टाक आणि फोन कर. फेरी बुडाली, पैसे परत द्यावे लागले, तरी आम्ही तुला बोलणार नाही. त्या दिवशी त्या मुलाने इंजिन का बंद केलं नाही, हे मी त्याला नंतर विचारलं. तो म्हणाला, "फेरी अर्धी सोडली असती तर सगळ्या ओरडल्या असत्या." म्हणजे चूक एकट्या त्याची नव्हती.

त्या गटात आता दोघी-दोघींची पाळी आहे. पहिल्या फेरीआधी त्या धक्क्यावर जातात, तेलाची पट्टी बघतात आणि वहीत सही करतात. सुरुवातीला धक्क्यावरचे लोक हसायचे. मार्चमध्ये एका सकाळी मागच्या पाइपातून पाणी आलं नाही. पाळीवरच्या काकींनी ओरडून इंजिन बंद करायला लावलं. जाळीत पिशवी अडकली होती. दहा मिनिटांत साफ झाली आणि फेरी वेळेवर सुटली. वहीत त्या दिवशीचा शेरा आहे: "पिशवी काढली. खर्च शून्य."

तुमच्या गटाची किंवा घरची बोट असेल तर येत्या बैठकीत एकच प्रश्न विचारा: आपल्या इंजिनाचं तेल शेवटचं कधी बदललं? उत्तर आलं नाही, तर त्याच दिवशी वही सुरू करा. रकाने आखून द्यायला मी येईन.

तुमची,
क्षेत्र समन्वयक